पाटी गप्प असते, टायटल रिपोर्ट बोलतो

गोव्यात चांगली वकिली फर्म ओळखायची कशी? पणजीचा अठरा जून रस्ता घ्या, म्हापशाचा बाजार घ्या, नाहीतर मडगावात कोर्टाच्या आसपासचे जुने जिने. वकिलांच्या पाट्या सगळीकडे सारख्याच: नाव, पदवी, फार तर कचेरीची वेळ. जमिनीचा वकील कुठला आणि फौजदारी कुठला, हे पाटी वाचून कळत नाही. कळूच नये असा नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे पाटी वाजवी आकाराची हवी. अमुक कामात आपण तज्ज्ञ आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा बार असोसिएशनचे अध्यक्ष होतो, यातलं काहीही तिच्यावर लिहायचं नाही. २००८च्या दुरुस्तीने वेबसाइटला मोकळीक मिळाली, पण तीही मोजकी. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं, एवढंच. ‘गोव्यातील अग्रगण्य फर्म’ असं स्वतःच्याच वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिणारी फर्म स्वतःच्या धंद्याचा नियम किती वाचते, ते तिथेच दिसतं.

चेंबर्स, लीगल ५०० अशा वकिली फर्मच्या आंतरराष्ट्रीय याद्या निघतात. त्या खोट्या नसतात, पण त्या कशा बनतात ते माहीत असावं. फर्म वर्षभरातल्या कामांची माहिती स्वतः भरून पाठवते, कोणाला विचारायचं त्या पक्षकारांची नावंही स्वतःच देते, आणि मग यादीवाले त्या लोकांशी बोलतात. कंपनी विकत घेणं, बँकेचं मोठं कर्ज, लवाद, हॉटेल साखळीचे करार असल्या कामांसाठी ही मापं बरी. डिचोलीच्या भाटाचा (म्हणजे बागायतीच्या जमिनीचा) भावाभावांतला वाद कोण नीट सोडवेल, हे त्यांतून कळणार नाही.

गोव्यात फर्मचं नाव होतं ते जमिनीच्या आणि वारशाच्या कागदांवर. पक्षकार काय सांगतो त्यापेक्षा दुसऱ्या बाजूचा वकील काय म्हणतो, याला इथे जास्त वजन. अमक्या कचेरीचा टायटल रिपोर्ट (जमिनीची मालकी तपासून दिलेला अहवाल) आहे म्हटल्यावर समोरचा वकील तो पुढे ठेवून फक्त शंका काढतो, की सगळा शोध पहिल्यापासून पुन्हा घेतो? बँकेच्या पॅनेलवरचा वकील काय करतो? आमच्या मते प्रतिष्ठेची खरी कसोटी ही.

जमीनच का, याला कारण आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. १९६१च्या मुक्तीनंतर १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू राहिले, आणि वारसा, खास नोटरी (असे दस्त करणारा सरकारी अधिकारी) व इन्व्हेंटरीचा (न्यायालयातून होणाऱ्या वारसा-वाटणीचा) भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला. त्या कायद्याच्या नावात साल २०१२ असलं तरी अंमल २०१६चा. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि निम्मी निम्मी मानतात. माहेरून किंवा वडिलांकडून आलेलीसुद्धा. महाराष्ट्रातून आलेला हुशार वकील इथे पहिल्यांदा घसरतो तो या ‘सुद्धा’वर.

एक भाट घेऊ, ४००० चौरस मीटर. नावावर वडील. वडील वारले, मागे आई आणि तीन मुलं: दोन मुलगे, एक मुलगी. निम्मं भाट आधीपासून आईचंच होतं. ते तिला वारशाने आलेलं नाही. उरलेलं निम्मं तिघांत, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. पुढे आईही गेली. तिचं निम्मंही तिघांत वाटलं गेलं आणि प्रत्येक मुलाकडे एक तृतीयांश झालं. पण मुलं लग्न झालेली, म्हणून हा तृतीयांश जोडप्याचा: मुलाचा एक षष्ठांश, सुनेचा एक षष्ठांश. मुलीच्या बाबतीत जावयाचाही तसाच. आता थोरला मुलगा वारला, मागे बायको आणि दोन लग्न झालेली मुलं. बायकोचा षष्ठांश तसाच राहिला. मुलाच्या षष्ठांशाचे दोन भाग, म्हणजे नातवंडांना प्रत्येकी एक बारावा, आणि नातवंडांच्या जोडीदारांसकट एक चोविसावा. नातसुनेचा वाटा १६६ चौरस मीटरच्या थोडा वर. सेल डीडवर सह्या किती? थोरल्याची बायको, दोन नातवंडं, त्यांचे दोन जोडीदार, धाकटा मुलगा, त्याची बायको, मुलगी, जावई. नऊ.

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, मात्र अजून एकच नाव असतं: आजोबांचं.

यातली एक सही राहिली तरी व्यवहार तेवढ्यापुरता लंगडा. वकिलाकडे हा विषय घेऊन गेल्यावर त्याने पहिल्याच बैठकीत कोणते प्रश्न विचारले, हे लक्षात ठेवा. कोण कधी वारलं, लग्न कुठे नोंदलं, गोव्यात की मुंबईत, लग्नाआधी करार होता का, कोण कुठल्या देशाचा पासपोर्ट बाळगतो, कोणी मृत्युपत्र केलंय का आणि कुठल्या नोटरीकडे. लग्न गोव्याबाहेर, बाहेरच्या कायद्याखाली झालं असेल तर निम्म्या-निम्म्याचा नियम तिथे लागतो का, हा स्वतंत्र प्रश्न. जाणता वकील तिथे थांबतो आणि विवाह दाखला मागतो. ‘जमीन किती, दर काय’ इथून सुरुवात करणाऱ्याला तुमचं काम दलालीसारखं दिसतंय.

मृत्युपत्राचंही तसंच. दोन साक्षीदार बोलावून साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्र मुंबईत चालेल. गोव्यात ते नोटरीपुढे, ठरल्या पद्धतीने व्हावं लागतं. शिवाय मुलं असताना आपल्या वाट्यातला निम्माच भाग मनाप्रमाणे देता येतो. जोडप्याच्या एकूण मालमत्तेच्या हिशेबात तो चौथा भाग. ‘सगळं धाकट्याच्या नावावर करून टाका’ म्हणणाऱ्या वडिलांना हे न सांगता मसुदा टाइप करायला घेणारी कचेरी असेल, तर पुढच्या भांडणाचं बी ती स्वतःच पेरते.

आता टायटल रिपोर्ट. वाईट रिपोर्ट ओळखणं सोपं आहे. तो दोन पानी असतो, पहिल्या पानावर कागदांची यादी आणि दुसऱ्यावर ‘मालकी स्वच्छ व विक्रीयोग्य आहे’. असल्या रिपोर्टात वकिलाने काहीच अंगावर घेतलेलं नसतं. चांगला रिपोर्ट वीस-पंचवीस पानांचाही होतो आणि त्यात शंका जास्त, खात्र्या कमी असतात. पान उलटताना खालच्या गोष्टी दिसल्या पाहिजेत.

जमिनीचं वर्णन चार जागी चार तऱ्हेचं असतं. जमीन नोंदणी कचेरीत, म्हणजे जुन्या कोन्सेर्वातोरियात, तिचा वर्णन क्रमांक, पुस्तक आणि पान. महसुलाच्या जुन्या नोंदीत मात्रिज क्रमांक. जुन्या एस्क्रितुरात, म्हणजे पोर्तुगीज काळच्या दस्तात, भाटाचं नाव आणि चतुःसीमा: पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला अमक्याचं भाट. आणि मुक्तीनंतरच्या सर्व्हेत सर्व्हे नंबर व पोटविभाग. या चारही गोष्टी एकाच जमिनीच्या आहेत हे जुळवणं, रिपोर्टातलं कष्टाचं काम हेच. जुनं एक भाट सर्व्हेत तीन पोटविभागांत फुटलेलं असतं, किंवा दोन भाटं एका नंबरात मिसळलेली. क्षेत्रफळ तर क्वचितच जुळतं. जुन्या दस्तात ते कित्येकदा नसतंच, नुसत्या सीमा असतात. ही तफावत का, याचा एक परिच्छेद रिपोर्टात हवा. ‘क्षेत्रफळात किरकोळ फरक आढळतो’ एवढ्यावर भागत नाही.

एक-चौदाचा उतारा फुकट मिळाल्यासारखा सगळेच जोडतात, वाचणारे थोडे. वरच्या भागात क्षेत्र कशाकशात विभागलंय ते असतं: भातशेती, बागायत, जिरायत, खाजन, केर, मोरोड असे इथले जमिनीचे प्रकार, आणि लागवडीबाहेरची जमीन वेगळी. भातशेतीच्या रकान्यात आकडा असला तर २०२३चा कायदा आडवा येतो, कारण शेतकरी नसलेल्याला भातशेतीची जमीन विकायला आता बंदी आहे. खाली कब्जेदारांची नावं. त्यांच्यापुढे फेरफाराचा क्रमांक असेल तर तो कुठल्या दस्तावरून झाला ते मागवायचं. फेरफार चुकीच्या किंवा बनावट दस्तावरूनही झालेला असतो. मग कुळाचा रकाना. तिथे नाव असेल तर १९६४चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ची पाचवी दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीने कुळाला मालक मानलंय, तेव्हा भाटकाराने (जमीनमालकाने) विकायला उरलं काय? कुळाकडूनच घेतो म्हणाल, तर कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय वापरायला १९९१चा जमीन वापर कायदा बंदी घालतो. शेवटचा रकाना इतर हक्कांचा. मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराची नोंद बहुधा तिथे. मुंडकार १९७५च्या कायद्याने घराभोवतीची जागा विकत घेऊ शकतो, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिकेत २००. हजार चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये दोन मुंडकार असले की उरतं किती, हिशेब करा.

आणि एक-चौदा हा मालकीचा पुरावा नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. ‘एक-चौदावर नाव आहे ना, मग झालं’ हे वाक्य दलालाच्या तोंडी शोभतं, वकिलाच्या नाही.

मूळ पुस्तक पाहिलं की झेरॉक्स, हेही रिपोर्टाने सांगायला हवं. हा नुसता काटेकोरपणा नव्हे. जून २०२२ मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी गोवा पोलिसांचं खास तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला. त्या प्रकरणांतली साधारण रीत एकच: मालक मेलेला किंवा परदेशी, वारस इथे कोणी नाही, अशा घराचा किंवा भाटाचा जुन्या काळातला वाटेल असा दस्त तयार करायचा, तो नोंदींत घुसवायचा, त्यावर फेरफार करून घ्यायचा आणि झटपट पुढे विकायचं. म्हणून जुना दस्त आला की चांगल्या कचेरीतला माणूस पणजीला पुराभिलेख खात्यात किंवा रजिस्ट्रारकडे जाऊन मूळ पुस्तक उघडतो. मागचं-पुढचं पान बघतो, शाई आणि हस्ताक्षर बघतो, अनुक्रमात क्रमांक बसतो का ते बघतो. दस्त पोर्तुगीजमध्ये असतो. कचेरीत पोर्तुगीज वाचणारं कोणी आहे का, हा प्रश्न सरळ विचारावा. नुसत्या भाषांतरावर विसंबणाऱ्याला वर्णनातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला कळत नाही. जुने वकील हे सहज करायचे. ती पिढी आता ओसरतेय, आणि ज्या फर्मनी तिच्या हाताखाली तरुणांना बसवलं त्यांचं पारडं आज जड आहे.

रिपोर्टाच्या शेवटी अटी हव्यात: अमुक दाखला आणा, अमुक वारसाची संमती घ्या, जाहीर नोटीस द्या, प्रादेशिक आराखडा २०२१ प्रमाणे झोनिंगचा दाखला घ्या, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) पाहा, रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर ते पाहा. अटींशिवायचा रिपोर्ट गोव्यात जवळजवळ अशक्य आहे. तसा मिळाला तर आनंदू नका.

वारशाचे दोन रस्ते आहेत. वारसांत वाद नसला की खास नोटरीपुढे वारसा दस्त करतात: तीन जण येऊन सांगतात की अमुक वारले आणि त्यांचे वारस एवढेच. स्वस्त आणि लवकर होणारं काम. पण त्यातून वारस कोण हे ठरतं, कोणाला कुठला तुकडा ते नाही. हा फरक न सांगता ‘दस्त झाला, आता तुमचं घर तुमचं’ म्हणणारे वकील आहेत, आणि चार वर्षांनी घर विकायला काढल्यावर माणूस डोक्याला हात लावतो.

वाटणी हवी, किंवा वाद आहे, तर इन्व्हेंटरी. दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तर. अर्ज, मग घराण्याचा प्रमुख नेमतात. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ‘काबेस द काझाल’. तो शपथेवर सांगतो की मृत्यू कधी, वारस कोण, मृत्युपत्र आहे का. मग मालमत्तेची यादी, प्रत्येकीची किंमत, सगळ्यांना नोटिसा, हरकती, वारसांमधला लिलाव, वाटणीचा तक्ता आणि शेवटी तक्त्यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब. या लिलावाला लिसितासांव म्हणत, आणि फर्मचा खरा कस लागतो तो इथे. बोली वारसांतच लागते. जास्त बोलणाऱ्याला मालमत्ता मिळते आणि आपल्या वाट्याहून जास्त आलेल्या किमतीचे पैसे त्याने इतरांना द्यायचे. समजा यादीत ४० लाखांचं घर आणि २० लाखांचं भाट आहे, वारस तिघे सारख्या वाट्याचे. एकाने घर ६० लाखांना घेतलं, भाट २० लाखांना दुसऱ्याने. एकूण ८०, प्रत्येकाचा वाटा २६ लाख ६७ हजारांच्या आसपास. घरवाल्याला ३३ लाखांच्या वर रोख काढावी लागेल. भाटवाल्याला त्यातून साडेसहा-पावणेसात लाख मिळतील, तिसऱ्याला पुरे २६ लाख ६७ हजार. हा हिशेब बोलीच्या आदल्या दिवशी पक्षकारापुढे मांडून ‘तुमची झेप कुठपर्यंत’ हे विचारणारा वकील हवा. ईर्षेला पेटून भाऊ बोली चढवतात, घर हाती येतं आणि पैसे उभे राहत नाहीत.

इन्व्हेंटरी रखडण्याची कारणं बहुतेक कंटाळवाणी असतात. परदेशातल्या वारसाला नोटीस पोचत नाही. यादीत भाटाचा जुना वर्णन क्रमांक असतो पण सर्व्हे नंबर चुकतो, आणि मग तक्ता हातात घेऊन मामलेदार कचेरीत गेलं की फेरफार अडतो. एखादा वारस राहून गेला की झालेलं सगळं पुन्हा उघडायची पाळी. लिस्बन किंवा लंडनहून आलेल्या मुखत्यारपत्रावर तिथला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) असतो, पण कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरायचा राहतो. हे शेवटचं तर इतक्यांदा घडतं की चांगल्या कचेऱ्या मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवतानाच तारखेची चिठ्ठी सोबत देतात.

मालमत्ता मुंबईतही असेल तर? जुझे पावलू कुतिन्यू प्रकरणात १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याचा अधिवासी असेल तर त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागतो. म्हणजे गिरगावची खोली आणि साखळीचं घर एकाच यादीत. वकिलाला हा निवाडा माहीत आहे का, हे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

तालुक्याप्रमाणे हातखंडाही बदलतो. फोंड्याकडच्या वकिलांना देवस्थानांची प्रकरणं सवयीची, कारण मोठी देवळं तिथे. १९३३चं माझानींचं (देवस्थान संस्थांचं) नियमन, महाजनांची (देवस्थानच्या सभासदांची) नोंदवही, समितीची निवडणूक, मामलेदार हा देवालयांचा प्रशासक. दुसरीकडच्या वकिलाला ही परिभाषा समजायलाच महिना जातो. बार्देश-सासष्टीत कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) जमीन, आफ्रामेंत (तिचा कायमचा भाडेपट्टा), परदेशी गेलेले वारस आणि किनाऱ्याची बांधकामं जास्त. सत्तरी-पेडण्यात आल्वारा (पोर्तुगीज सरकारने दिलेली जमिनीची सनद), मोकासदारी (इनामासारखा जमिनीचा हक्क), कूळ. मुंडकार आणि कूळ म्हटलं की रणांगण मामलेदाराचं, पुढे उपजिल्हाधिकारी आणि प्रशासकीय न्यायाधिकरण. पर्वरीच्या उच्च न्यायालयात रोज उभं राहणाऱ्या नामांकित वकिलाला मामलेदारासमोर साक्षीदार तपासण्याची सवय नसते, आणि तिथे बिघडलेला पुरावा वर जाऊन दुरुस्त होत नाही.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात. खाणीच्या कामात २०१४ आणि २०१८चे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे, विशेषतः ८८ लीझ रद्द करणारा दुसरा, कोळून प्यायलेले लोक लागतात आणि ते मोजके आहेत. हॉटेल, पुरवठा, भाडेकरार यांच्या वादांत व्यापारी न्यायालय कायद्यामुळे तीन लाखांपासूनचे दावे वेगळ्या वेळापत्रकात जातात आणि तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. हे चुकलं की दावा दारातच परत. फौजदारी, त्यातही म्हापशाचं एनडीपीएस (अमली पदार्थांच्या खटल्यांचं) न्यायालय, ही वेगळीच वाट; जमिनीच्या फर्मने ‘तेही करतो’ म्हटलं तर कोण करणार, त्याचं नाव विचारा.

नाव विचारण्यावरून आठवलं. नाव एकाचं, उभा दुसराच, ही गोव्यातली नेहमीची तक्रार. सीनिअर अ‍ॅडव्होकेट म्हणून नेमलेले वकील स्वतः वकालतनामा भरत नाहीत आणि पक्षकाराकडून थेट सूचनाही घेत नाहीत. त्यांच्याआधी दुसरा वकील असतोच, आणि तुमचं प्रकरण रोज तोच वागवतो. काणकोणच्या तारखेला पणजीहून कोण जाणार, त्या माणसाला भेटा. ज्युनिअर असणं वाईट नाही. त्याला फाइल माहीत नसणं वाईट.

तपासायचं साधन घरबसल्या आहे आणि फुकट आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने त्या न्यायालयातली प्रकरणं शोधता येतात. दहा-बारा प्रकरणं उघडा आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते वाचा. कोणी वेळ मागितली? साक्ष झाली की पुढे ढकलली? कैफियत मुदतीत आली का? घाईने मत मात्र बनवू नका. समन्स न बजावल्याने गेलेल्या तारखा वकिलाच्या माथी मारता येत नाहीत, न्यायाधीश रजेवर असतात, आणि बचावाच्या बाजूने वेळ काढणं हीच कधी पक्षकाराची इच्छा असते. पण वादीचा वकील असून दहातल्या सहा प्रकरणांत साक्षीला तोच वेळ मागतोय, तर चित्र स्पष्ट आहे. उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत हरलेले खटलेही वाचा. हरलेल्या खटल्यात मुद्दा नीट मांडला होता का, की न्यायमूर्तींनी ‘हे कथन दाव्यात नाही’ म्हणून बाजूला सारलं? दुसरं दिसलं तर मसुदा लिहिणाऱ्याचा हात कच्चा आहे.

हितसंबंधांचं बोलायला लोक लाजतात. बिल्डरने दिलेला टायटल रिपोर्ट ज्या फर्मचा, तीच फर्म फ्लॅट घेणाऱ्याची वकील, हे किनारपट्टीवर सर्रास दिसतं. तुमचा वकील तुमचाच हवा. दलालाने वकील सुचवला तर फी कोणाच्या हातून जातेय ते पाहा, कारण वकिलाने आपली फी वकील नसलेल्याशी वाटून घेणं नियमात बसत नाही. गाव लहान, सगळ्यांचे सगळ्यांशी संबंध निघतात. म्हणूनच ‘समोरच्या पार्टीचं काम आम्ही पूर्वी केलंय, दुसरीकडे जा’ असं सांगणाऱ्या कचेऱ्यांचं नाव इथे पिढ्यान् पिढ्या टिकतं. त्या दिवशी त्यांची फी बुडते एवढंच.

फी टप्प्याटप्प्याने ठरवून कागदावर घ्या: शोध, रिपोर्ट, मसुदा, नोंदणी, फेरफार. फेरफार बहुतेकदा विसरला जातो आणि मग दस्त पेटीत नि उताऱ्यावर जुनंच नाव. निकालाच्या टक्केवारीवर फी घेणं वकिलाला मना आहे; ‘जमीन सुटली की दहा टक्के’ असा सौदा करणारा तुमच्याशीच नव्हे, नियमाशीही खेळतोय. वकिलाच्या सेवेवर खासगी माणसाला जीएसटी लागत नाही, धंद्याच्या कामाला उलट आकारणीने धंदेवाल्याने भरायचा असतो. बिलात जीएसटीची ओळ दिसली तर कारण विचारा. मे २०२४च्या निवाड्यानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. बेशिस्तीची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, बाकी दिवाणी दावा. म्हणून जे ठरलं ते लेखी असणं जास्त गरजेचं.

वकील बदलायची वेळ आलीच तर आधीच्याची ना हरकत मागतात आणि तिथे फाइल अडते. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सांगितलंय. बाकीचा वाद वेगळा चालवा, कागद आधी घ्या. घेताना मोजून घ्या: मूळ एस्क्रितूर, वारसा दस्ताची प्रमाणित प्रत, मुद्रांक भरलेलं मुखत्यारपत्र, न्यायालयात दाखल केलेल्या मूळ कागदांची यादी. त्या यादीवर जुन्या वकिलाची सही घ्या, कारण न्यायालयात ठेवलेला मूळ दस्त खटला संपल्यावर अर्ज करून परत मागावा लागतो, आणि तो तिथे आहे हे दहा वर्षांनी त्या एका यादीवरूनच कळतं.